कुलुपवाल्याचं नवं काळीज

तीर्थरूप ताईंना,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच केला होता, पण सरळ होताना कंबरेत उसण भरली, म्हणून पुढचं सगळं पत्र भिंतीला टेकून लिहिते आहे. अक्षर तिरकं दिसलं तर राग मानू नये. मजकूर तिरका वाटला तर तो मात्र मुद्दाम आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी ती दाढ एकदाची काढली, की अजून ती त्यांना आणि ते तिला सोडायला तयार नाहीत? त्यांना सांगा, इथे लोक काळीज बदलून घेतात आणि आठवड्याने चहा मागतात, दाढेचं काय घेऊन बसलात. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. 'खुशाल' हा शब्द पत्रात यावाच लागतो म्हणून लिहिला. खरी गोष्ट अशी की गेले काही महिने कुणीतरी तुमच्या बंधूंच्या जिवावर उठलं होतं, आणि ते कोण याचा तपास मी एकटी करत होते, म्हणून पत्राला उशीर झाला.

घाबरू नका. बंधू धडधाकट आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून, तोंडाला मास्क बांधून, दुकानातलं एक जुनं कुलूप कानशीने घासताहेत आणि मी कुणाला लिहिते आहे हे न विचारता जाणून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. मी डाव्या हाताने कागद झाकला आहे. परीक्षेच्या वर्गात पहारा देण्यात माझी निम्मी हयात गेली. झाकून लिहिणं आणि झाकलेलं वाचणं, दोन्ही मला येतं.

तुम्ही म्हणाल, हिला संशयाचा आजारच आहे. असेल. पण त्याचं मूळ समजून घ्या. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या बंधूंचं निकामी झालेलं काळीज काढून तिथे कुणा अनोळखी तरुण देवमाणसाचं बसवलं, तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या लोखंडी बाकावर माझ्या शेजारी होतात. माझा हात इतका घट्ट धरला होतात की बांगडी वाकली. (ती तशीच ठेवली आहे.) आपण दोघींनी एकच गोष्ट मागितली होती, माणूस परत येऊ दे. माणूस आला. पण माझं एक फार उपयोगाचं यंत्र तो हॉस्पिटलातच सोडून आला, हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

त्याचं असं आहे, की तुमचे बंधू खोटं बोलतात. ('आमचा तसा नाही हो' असं तुम्ही आता म्हणालात. तुमचा नसेल. माझा आहे.) मोठं काही नाही, आपलं घरगुती खोटं. खाल्लं का, नाही. पडलं का, नाही. दुखतं का, छे. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. कुलुपवाल्याचा चेहरा तो, किल्ली आत फिरते आहे की अडकली आहे, गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही ही त्यांची धंद्याची शिस्त. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला उपाय सापडला होता. छातीवर तळवा ठेवायचा आणि विचारायचं. तोंड म्हणायचं 'नाही गं', आणि आत काळीज असं उधळायचं, की कॉपी सापडलेलं पोर बाकांमधून पळतंय. जुनं काळीज सुजलेलं होतं, थकलेलं होतं, शेवटी शेवटी तर नुसतं नावाला होतं, पण ताई, ते इमानदार होतं. जिना चढताना दम लागतो का, असं मी विचारलं आणि हे 'अजिबात नाही' म्हणाले, तेव्हा त्यानेच तर मला खरं सांगितलं. म्हणून आपण वेळेत डॉक्टर गाठला.

नवं काळीज तसं नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा तळवा ठेवून मी विचारलं, गोळ्या घेतल्या? हे म्हणाले, घेतल्या. गोळ्या समोर खोक्यात तशाच दिसत होत्या, आणि हाताखाली काळीज एका चालीत, भिंतीवरच्या घड्याळासारखं. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. (उंच आहेत, बोलताना पेनाचं टोपण काढतात नि लावतात, टोपण लागलं की वाक्य संपलं असं समजायचं.) त्या म्हणाल्या, काळीज बदलताना रक्ताच्या मोठ्या नळ्या शिवता येतात, पण बारीक नसा कापल्या जातात त्या जातात. म्हणजे मेंदूपासून काळजापर्यंतची तार तुटलेली. भीती वाटो, लाज वाटो, काळजाला लगेच कळत नाही. बातमी पोचते ती रक्तातून, उशिराने. तारेने नाही, टपालाने.

आणि त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात आजतागायत खिळ्यासारखी रुतून बसली आहे. तार तुटल्यामुळे या काळजाला दुखलेलंही सहसा कळत नाही. वर्षानुवर्षांनी त्याच्याच नळ्या आतून अरुंद होत जातात आणि माणूस हसत खेळत दुकान उघडत असतो. छातीत कळ नाही, काही नाही. म्हणून दर वर्षी आत नळी घालून बघायचं. म्हणजे घरात चोर शिरला तर भुंकणारं कुत्रंच नाही! अशा घरात ज्या बाईला संशय येत नाही ती बाई नव्हे, उशी.

टपालाची युक्ती मी लवकरच आत्मसात केली. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचं, मग शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीबद्दल वगैरे बोलत राहायचं आणि थोड्या वेळाने सहज म्हणून छातीवर हात. तोवर टपाल पोचलेलं असतं. आणि एकदा उधळलं की हे काळीज लवकर शांतही होत नाही. चांगले सहा महिने माझं राज्य होतं. पण तुमचे बंधू पडले कुलुपवाले. कुठलीही कळ त्यांच्यासमोर दोनदा फिरवली की तिसऱ्यांदा त्यांना आतली रचना दिसते. आता खोटं बोललं रे बोललं की हे उठतात, चपला घालतात आणि भराभरा चालायला जातात. परत येतात ते धापा टाकत. मग कसला हात ठेवता! वर मलाच ऐकवतात, "डॉक्टरच म्हणाल्यात, रोज चाल. चाललं की काळीज टिकतं." ते खरंच आहे, त्यामुळे मला बोलता येत नाही. माझी खात्री आहे, या माणसाची तब्येत निम्मी खोटं बोलण्यानेच सुधारली आहे.

तर एवढी पार्श्वभूमी. आता गुन्हा.

मागच्या खेपेस रक्त तपासलं, तर शरीराला दाबून ठेवणाऱ्या त्या मुख्य औषधाची पातळी वाढलेली. त्याआधीही एकदा वाढली होती, मग आपली आपण उतरली, मग पुन्हा चढली. डॉक्टरीणबाईंनी टोपण काढलं ते लावायचं नाव नाही. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही फोनवर नेहमी विचारता की आता इतकी वर्षं झाली, अजून कसल्या गोळ्या? ताई, शरीर हा मुळात संशयी प्राणी. (मला तेव्हा शरीराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.) परक्या घरून आलेलं काळीज ते कधीही आपलं म्हणत नाही. नऊ वर्षं झाली तरी पाहुण्याकडे डोळे वटारून बसलेलं असतं. त्या गोळ्या त्याला झोपवून ठेवतात. कमी पडल्या की ते जागं होतं आणि काळजावर धावून जातं. जास्त झाल्या की किडन्या भाजून निघतात, आणि शरीर इतकं गाढ झोपतं की दारातून कुणीही जंतू आत यावा. म्हणजे सगळा खेळ त्या मधल्या पट्टीवर. आणि ती पट्टी कुणीतरी हलवत होतं.

"गोळी कमी करूया का?" मी विचारलं.

"करीन," त्या म्हणाल्या, "पण आधी मला कळू दे की पातळी कशाने वाढते आहे. मी गोळी कमी केली आणि तिकडे वाढवणारी गोष्ट बंद झाली, तर पातळी एकदम कोसळेल. मग शरीर काळीज नाकारायला लागलं तर ते यांना कळणारही नाही. पपनस खाता का? ग्रेपफ्रूट?"

पपनस! औषध पोटात मोडायचं जे काम चालतं, ते म्हणे हे फळ बंदच पाडतं, मग औषध साचत जातं. आमच्या स्वयंपाकघरात जी यादी लावली आहे (कबुतरांपासून लांब, कुंड्यांच्या मातीत हात नाही, उन्हात टोपी, उघड्यावरचं कापलेलं फळ नाही, दात स्वच्छ, वजन आटोक्यात) तिच्यात पपनसाला तर मी लाल शाईने दोन रेघा मारल्या आहेत. मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या काळजाच्या चित्राकडे पाहत होते, जणू ओळखीचं कुणी दिसतंय.

"नाही हो," ते म्हणाले, "पपनस मी नऊ वर्षांत पाहिलंसुद्धा नाही." आणि उठून म्हणाले, "मी जरा जिन्याने खाली जाऊन येतो."

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, जे इतके दिवस विचारलं नव्हतं. अशी माणसं किती टिकतात हो? त्यांनी सरळ सांगितलं. पहिलं वर्ष सगळ्यांत अवघड, ते तुमचं पार पडलं. देणारा तरुण होता, काळीज बाहेर फार वेळ राहिलं नाही, या गोष्टी तुमच्या बाजूने पडल्या, आणि त्या आपल्या हातात नव्हत्याच. साधारण निम्मे लोक बारा वर्षांच्या पुढे जातात. मी म्हटलं, निम्मे म्हणजे कोणते निम्मे? वर्गातली निम्मी मुलं पास होणार हे ऐकून कुठल्या आईला झोप लागली आहे? त्या हसल्या. म्हणाल्या, आता जे उरलंय ते बरंचसं घरात ठरतं. गोळ्या वेळेवर, तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि घरी लक्ष ठेवणारं कुणी हवं. 'तुमच्या घरी कोण आहे?' असं त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपण लावलं.

झालं. मी कामाला लागले.

पहिला संशय औषधवाल्यावर. गोळीची कंपनी बदलली तरी पातळी हलू शकते असं बाई म्हणाल्या होत्या, आणि औषधवाला हल्ली माझ्याशी फार गोड बोलायचा. मी दुकानात सगळ्यांदेखत त्याच्याकडून जुनं खोकं, नवं खोकं, दोन्ही उजेडात धरवून घेतली. तो बिचारा म्हणाला, "बाई, तुमच्या घरची गोळी बदलायची माझी छाती नाही. आणि बदललीच तर दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी दुसरी छाती लागेल, ती माझ्याकडून काढून न्याल." त्याला मी सोडलं.

दुसरा संशय यांच्या दुकानासमोरच्या रसवाल्यावर. शाळा सुटली की मी मास्क, टोपी, काळा चष्मा अशा थाटात विजेच्या खांबामागे उभी राहू लागले. (मास्कचा आमच्याकडे कधी तुटवडा नसतो.) नुसतं उभं राहिलं तर संशय येतो, म्हणून रोज मोसंबीचा रस घ्यायचा. आठवडाभराने माझं पोट बिघडलं आणि रसवाल्याला माझी दया आली. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, चष्मा काढा, घामाने ओला झालाय. साहेब रोज समोरून जातात. इकडे बघतात, सुस्कारा टाकतात, पुढे जातात. नऊ वर्षांत माझ्याकडून पाणीसुद्धा प्यायले नाहीत." ताई, मला त्या सुस्काऱ्याचं वाईट वाटलं. थोडंसंच. कारण सुस्कारासुद्धा नाटकी असू शकतो, आणि मी खांबामागे आहे हे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं मागाहून कळलं.

तिसरा संशय माझ्या सख्ख्या भावावर. (बघा, मी माहेर-सासर असा भेद करत नाही.) तो रविवारी येतो, त्याचं आणि यांचं गुळपीठ आहे, आणि त्या रविवारी त्याच्या हातातल्या पिशवीत गोल, चांगलं डोक्याएवढं काहीतरी होतं. मी दारातच पिशवीवर झडप घातली. तो म्हणाला, "अगं, हेल्मेट आहे ते. चिरून देऊ?" तेव्हापासून तो आला की दारात पिशवी उलटी करून दाखवतो आणि मगच चपला काढतो. शेजारी बघत असतात.

संशयित संपले. तेव्हा मी, नाइलाजाने, घरात शोधायला सुरुवात केली.

आता तुम्ही पाठवता त्या संत्र्याच्या मुरंब्याबद्दल. दर वर्षी तुमच्या अंगणातल्या झाडाची संत्री, तुमच्या हातचा पाक, आणि बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं. तुमच्या हाताची चव मी नव्याने काय सांगावी. पण या गोळ्यांनी यांची साखर वाढते, म्हणून बरणी आली की मी स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटात कुलपात ठेवते. कुलुपवाल्याच्या घरात कुलूप लावणं म्हणजे मांजराला दुधावर राखण ठेवणं, हे मला कळतं. म्हणून मी एक डाव टाकला होता. कुलूप आणलं ते रस्त्यापलीकडच्या दुकानातून. ज्या दुकानदाराचं नावही आमच्या घरात घेत नाहीत, त्याचं. इतकं भिकार कुलूप, की किल्ली घालून वर उचलायची, डावीकडे हिसका द्यायचा, दाराला गुडघा मारायचा, तेव्हा ते रडत उघडायचं. माझा हिशेब असा, की तुमचे बंधू उपाशी राहतील पण त्याच्या कुलपाला हात लावणार नाहीत. आणि खरंच, ते त्या कपाटासमोरून जाताना तोंड फिरवायचे. बरणीतली पातळीही कधी उतरलेली दिसली नाही. मी निर्धास्त होते.

पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी मी ते कपाट उघडायला गेले. (कशाला, ते पुढे येईल.) सवयीने किल्ली घातली, वर उचलली, हिसका द्यायला हात ताणला आणि ताई, मी मागच्या मागे पडता पडता वाचले. कुलूप जांभई दिल्यासारखं अलगद उघडलं होतं. वाकून पाहिलं. आत तेल सोडलेलं. कडीचा खरखरीत कोपरा कानशीने गुळगुळीत केलेला. आतली ती कुजकी कमान (स्प्रिंग हो) काढून तिच्या जागी नवी, चकचकीत. रस्त्यापलीकडच्या त्या माणसाने जन्मात असं कुलूप विकलेलं नाही.

मला सगळं लख्ख दिसलं. चोराने चोरी लपवली असती, बरणी पुसली असती, किल्लीच्या भोकावर ओरखडा उमटू दिला नसता. पण वाईट कुलूप वाईटच ठेवून निघून जाणं तुमच्या बंधूंना जमलं नाही. हात शिवशिवले. अपमान गिळता आला, मुरंबा गिळता आला, पण अडकणारी कमान गिळता आली नाही.

हे तेव्हा आरशासमोर टोपी घालत होते, दुकानात निघायच्या तयारीत. मी गेले, समोर उभी राहिले आणि छातीवर तळवा ठेवला. माझा डाव ठरलेला होता. विचारायचं, मग टाकीचा विषय काढायचा, चपला लपवून ठेवायच्या आणि टपालाची वाट पाहायची. मी विचारलं, "ताईंचा मुरंबा खाताय?" हे म्हणाले, "नाही."

आणि हाताखाली काळीज उडालं.

तिथल्या तिथे, ताई! टपाल नाही, तार! तेच जुनं पळणारं पोर, बाकांमधून, धडधड धडधड. इतकी वर्षं ज्या घराचं दार ठोठावून मी परत फिरत होते, त्या घरातून कुणीतरी 'ओ' दिली. मी तपास विसरले, मुरंबा विसरले. मोठ्याने ओरडले, "उडालं! अहो, उडालं!" आणि रडायला लागले. तुमच्या बंधूंना वाटलं माझ्याच काळजाला काहीतरी झालं. त्यांनी मला खुर्चीवर बसवून पंखा लावला आणि घाबरून, न विचारता, सगळं कबूल करून टाकलं.

तर कबुली अशी. यंदा तुमच्या झाडाला संत्री धरली नाहीत. तुम्ही पपनसाचा मुरंबा केलात. पहिली बरणी आली तेव्हाच फोनवर यांना सांगितलंत, वर हेही सांगितलंत की 'हिला बोलू नकोस, हिला पपनस आवडत नाही, नाक मुरडील.' आणि मग दर फोनला विचारत राहिलात, 'खातोस ना रे?' हे मला खोटं सांगू शकतात, डॉक्टरला सांगू शकतात, पण ताईला नाही. तेव्हा ताईला खरं सांगता यावं म्हणून ते रोज चमचाभर खात होते! मी म्हटलं, अहो, यादीत पपनस लाल शाईने लिहिलंय. तर मला म्हणतात, "यादीत फळ लिहिलंय. मुरंबा कुठे लिहिलाय?" या माणसाला देवानेच कुलुपं उघडायला लावलं, वकील केलं नाही, ही केवढी कृपा.

त्याच दिवशी बरणी घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फडकं सोडून वास घेतला, गोळीला हात लावला नाही, मुरंबा आजपासून बंद म्हणाल्या आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायला सांगितलं. कालचा निकाल आला, पातळी उतरते आहे आणि पट्टीत राहील असं दिसतंय. किडन्यांना थोडा चटका बसलाय, तो भरून येईल म्हणाल्या. मग मी त्यांना उडालेल्या काळजाचं सांगितलं. त्या पहिल्यांदाच टोपण टेबलावर ठेवून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, काही जणांत वर्षांनी थोड्याफार नसा पुन्हा वाढतात. सगळ्यांत नाही, सगळ्या नाही. मी विचारलं, म्हणजे आता दुखलं तर कळेल? त्या म्हणाल्या, कदाचित. पण त्या भरवशावर एकही तपासणी चुकवायची नाही. मी म्हटलं, बाई, भरवसा हा शब्द माझ्यासमोर वापरू नका.

तर असं आहे. या घरात दोन संशय नांदतात. एक यांच्या रक्तातला, तो झोपलेला बरा. दुसरा माझा, तो जागा बरा. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. (आधी होतं. पत्र लिहिता लिहिता कमी झालं.) भाऊजींना नमस्कार, त्यांच्या दाढेला शेवटची विनंती.

तुमची,
पहाऱ्यावरची भावजय

ता. क. ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं ते राहिलंच. मुरंबा पाठवू नका. आणि नुसतं एवढ्यावर थांबू नका, यांना स्वतः फोन करून 'खाऊ नकोस' म्हणून सांगा. मी सांगितलं तर तो सल्ला असतो, तुम्ही सांगितलं तर कायदा. पपनसाचं झाड मात्र तोडू नका, त्याचा काय दोष.

ता. क. दुसरा. त्या सकाळी मी कपाट कशाला उघडलं, ते सांगायचं राहिलं. मुरंबा वाया जाऊ नये म्हणून मीही रोज चमचाभर चाखत होते. संत्र्याची साल यंदा जरा जाड घेतली असेल, म्हणून कडवट लागतोय, अशी माझी समजूत. (पोरांच्या बोटांवरच्या शाईवरून कॉपी ओळखणारी मी, ती ही.) यांना संशय येऊ नये म्हणून वर साखरेचा पाक ओतून पातळी सारखी करायची. आता कळतं की हेही तेच करत होते. म्हणजे बरणी कधी रिकामी होईना, फक्त दिवसेंदिवस पातळ होत गेली, आणि तुमची नवी बरणी आली की पुन्हा घट्ट. रक्तातली पातळी चढत-उतरत का होती, हे डॉक्टरीणबाईंना अजून कळलेलं नाही. त्यांना मी सांगणार आहे. सवडीने. आणि पपनस मला आवडत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? पाठवायचाच असेल तर लहान बरणी, माझ्या नावाने, शाळेच्या पत्त्यावर.

ता. क. ताई, हे मी लिहितोय. पाकीट चहाच्या किटलीवर धरलं, कुलपापेक्षा सोपं निघालं. हिने लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. दोन दुरुस्त्या. एक, कुलूप मी मुरंब्यासाठी उघडलं नव्हतं, दुरुस्तीसाठी उघडलं. मुरंबा नंतर दिसला. दोन, मी खोटं बोललो म्हणून काळीज उडालं, असं हिला वाटतं. त्या सकाळी हिने हात ठेवला तेव्हा तो हात कापत होता. माझं तेव्हाच उडालं, प्रश्नाच्या आधी. हिने काय विचारलं ते मी धड ऐकलंही नाही, 'नाही' आपलं सवयीने म्हणालो. पण हे हिला कळवू नकोस. संशय गेला तर ही दिवसभर करील काय, आणि मग मी टिकायचा कशावर? मुरंबा बंद केलाय. तू फोन करू नकोस, मी तुला शब्द देतो. बरं, कर.

ता. क. शेवटचा. पाकिटाचा डिंक ओला लागला, म्हणून उघडलं. वाचलं. आता नव्या पाकिटात घालून शाळेत जाताना परस्पर पेटीत टाकते. यांनी वर लिहिलंय त्याची पडताळणी करावी म्हणून आत्ता जाऊन छातीवर हात ठेवला. काहीही विचारलं नाही. दुसरी दुरुस्ती खरी आहे, ताई. पहिली साफ खोटी.